२३ किलोंचा निकष

स्वादुपिंडाला अचानक सूज आलेल्या मुलाचे पुढे काय होईल, हे पहिल्याच दिवशी कळायला हवे. पांढुर्णा किंवा सौसरमध्ये तर फारच, कारण गंभीर मूल वेळेत नागपूरला हलवायचे असते. बहुतेक मुले सलाईन, वेदनाशामक आणि लवकर सुरू केलेल्या आहारावर बरी होतात. ज्यांचे मूत्रपिंड किंवा फुप्फुस ४८ तासांनंतरही सावरत नाही, ती थोडी मुले आधी ओळखण्यात रक्तचाचण्या अजून कमी पडतात.

लायपेज निदानाला चांगले. कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेले की शंका पक्की होत जाते. पण मोठा आकडा म्हणजे मोठा आजार असे नाही. सीआरपी पुरेसा चढायलाच दीड-दोन दिवस लागतात.

मुलांसाठी खास गुणांकन २००२ मध्ये अमेरिकेत डीबँटो आणि सहकाऱ्यांनी मांडले. वय ७ वर्षांखाली, वजन २३ किलोंखाली, पांढऱ्या पेशी १८,५०० च्या वर, एलडीएच २००० च्या वर. शिवाय ४८ तासांतले कॅल्शियम, अल्ब्युमिन, बीयूएनची (युरियातल्या नायट्रोजनची) वाढ आणि शरीरात अडकलेले पाणी. तीन गुण झाले की धोका. मांडणी विचारपूर्वक केलेली आहे, पण आमच्या मुलांना ती जशीच्या तशी लावणे मला धोक्याचे वाटते.

सातपुड्याच्या पायथ्याशी नऊ वर्षांचे मूलही कित्येकदा २३ किलो भरत नाही. कुपोषणाने अल्ब्युमिन आधीच उतरलेले असते. या पट्ट्यात सिकलसेल आहे. त्यात तांबड्या पेशी सतत फुटतात, लहान वयातच पित्ताचे खडे होतात आणि खडा अडकला की स्वादुपिंड सुजते. याच मुलांचा एलडीएच आणि पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात. पोटदुखी निव्वळ सिकलच्या क्रायसिसचीही असू शकते. म्हणजे ज्यांना या चाचण्यांची सर्वाधिक गरज, त्यांच्याच बाबतीत त्या सर्वाधिक फसव्या. उलट त्यांचे क्रिएटिनिन एरवी कमी असते, त्यामुळे ‘नॉर्मल’ छापलेला आकडाही त्यांच्यासाठी वाढलेला असू शकतो.

म्हणून माझा कल युरियाकडे आहे. स्वस्त आहे, तालुक्याच्या लॅबमध्ये होतो. दाखल होताना आणि चोवीस तासांनी पुन्हा करावा; सलाईन पुरेसे देऊनही चढत असेल तर मूल हलवावे. एक खबरदारी: परदेशी निबंधांत आकडे बीयूएनचे असतात, आपल्याकडचा रिपोर्ट बहुधा युरियाचा. बीयूएनची ५ मिलिग्रॅम वाढ म्हणजे युरियाची सुमारे ११. ही गफलत झाली तर किरकोळ वाढही गंभीर ठरते.

नवी, महागडी मार्कर शोधण्याआधी नागपूर आणि छिंदवाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी इथल्याच मुलांवर हे निकष तपासावेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणीनंतर कार्डे दिली जातात. सिकलसेल असलेल्या मुलाच्या कार्डावर, ते ठणठणीत असतानाचे एलडीएच, पांढऱ्या पेशी, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन लिहून ठेवले, तर रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरला तुलना करायला त्याच मुलाचे आकडे हाताशी मिळतील.