ऊप्सची साक्ष

लिनक्सचा कर्नल कोसळतो तेव्हा जाता जाता पानभर मजकूर लिहून जातो. त्याला ‘ऊप्स’ म्हणतात. वरवर पाहिलं तर तो आकड्यांचा आणि कंसांचा ढीग वाटतो. सावकाश वाचला तर ती एक साक्ष आहे. जेवढं ठाऊक तेवढंच सांगणारी, आणि जिथे खात्री नाही तिथे तसं नोंदवणारी. पडझड डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये झाली असेल तर या साक्षीचा खरा कस लागतो. म्हणून नमुना तोच घेऊ.

पहिल्या ओळीत ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ हे शब्द असतात. त्याखाली प्रोसेसरचा क्रमांक आणि चालू प्रोसेसचं नाव: ‘स्वॅपर’. नवखा वाचक इथेच चुकतो आणि स्वॅपरला आरोपी धरतो. प्रोसेसरला काही काम नसतं तेव्हा तो स्वॅपरपाशी असतो. डिस्कचा इंटरप्ट नेमका त्या वेळी आला, एवढाच त्याचा संबंध. खाली कॉल ट्रेसमध्ये ‘आयआरक्यू’ची खूण दिसते आणि स्वॅपर निर्दोष सुटतो. पुढे फंक्शनचं नाव येतं, त्याला जोडून अधिकचं चिन्ह, एक आकडा, तिरपी रेघ, दुसरा आकडा: फंक्शन एवढ्या बाइटचं, त्यात इतक्या बाइटवर अडलं. ‘कोड’ या ओळीत यंत्राच्या सूचनांचे बाइट मांडलेले असतात, आणि ज्या सूचनेवर घात झाला तिचा पहिला बाइट तेवढा कोनी कंसात. किती थोडक्यात किती नेमकं!

मग रजिस्टरांच्या गर्दीत नजर थबकते: ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी.

माझ्या मते या मजकुरातली सर्वांत सुंदर जागा हीच. हा आकडा योगायोगाने येत नाही. मेमरीची तपासणी चालू ठेवली असेल, तर परत केलेल्या प्रत्येक तुकड्यात कर्नल ६बी हा बाइट भरून ठेवतो आणि शेवटच्या बाइटला ए५ लावतो. कुणी वापर संपलेल्या जागेत हात घातलाच, तर त्याच्या हाताला हा रंग लागावा म्हणून. ज्याने ही सोय केली त्याला आपला ड्रायव्हर माहीत नव्हता, आपली डिस्क माहीत नव्हती. पण कधीतरी कुणीतरी हे पान वाचत बसेल हे त्याने ओळखलं होतं. आता निदान स्पष्ट आहे. पॉइंटर रिकामा नव्हता, शिळा होता. ‘पॉइंटर शून्य आहे का’ अशी एक तपासणी घालून पॅच पाठवण्याची घाई अनेकांना होते. इथे ती निरुपयोगी आहे, कारण ६बी म्हणजे शून्य नव्हे.

शिळा कसा झाला? त्याचं उत्तर ऊप्सच्या आधीच्या ओळींत असतं. ड्रायव्हरने डिस्कला एक हुकूम पाठवला. सर्वसाधारण मुदत ३० सेकंदांची. तेवढ्यात उत्तर आलं नाही. हुकूम रद्द झाला, त्याची मेमरी परत गेली. मग डिस्क जागी झाली आणि तिने जुन्याच हुकमाचं उत्तर दिलं. इंटरप्टने ते उत्तर घेतलं आणि जी जागा आता आपली नाही तिथे ते नोंदवायला गेला. अपराध घडला एका ठिकाणी, प्रेत सापडलं दुसऱ्याच ठिकाणी. कॉल ट्रेस प्रेताची जागा दाखवतो. अपराधाची जागा वाचणाऱ्याने शोधायची असते. ट्रेसमधल्या काही नावांआधी प्रश्नचिन्हं असतात. हा पत्ता स्टॅकवर सापडला, पण वाट खरंच इथून गेली का याची खात्री नाही, असा त्यांचा अर्थ. मरणाच्या दारातही अंदाजाला अंदाजच म्हणणारं हे लेखन मला फार मोलाचं वाटतं.

मृत्यूनंतर तपासण्यासाठी सगळी मेमरी जतन करायची सोय नसेल, तर शेवटच्या ओळीत ‘पॅनिक’च्या पाठोपाठ ‘नॉट सिंकिंग’ हे शब्द येतात. डिस्कवर लिहायचं राहिलेलं आता लिहिणार नाही, अशी ती घोषणा. ज्याच्या मेमरीवर भरवसा उरला नाही त्याने लोकांच्या डेटाला हात लावू नये. पण मग मेलेल्याची मेमरी जपायची कुणी? पूर्वीच्या काही पद्धतींत कोसळलेला कर्नलच आपल्या ड्रायव्हरकरवी ती डिस्कवर लिहायचा. इथे तर ड्रायव्हरच मेलेला. २००५ साली लिनक्सच्या २.६.१३ आवृत्तीत आलेल्या केडंपने हा पेच सोडवला. त्याच वर्षी विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी ऑटावाच्या लिनक्स परिषदेत तो मांडला. राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा कर्नल तयार असतो. पहिला पडला की तो उठतो आणि पहिल्याची मेमरी, नव्याने सुरू केलेल्या ड्रायव्हरने, उतरवून घेतो.

आम्हा खानदेशी माणसांना इथे असोदा आठवणं साहजिक आहे. १८८० साली तिथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेली गाणी कागदावर उतरवली ती मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली पुस्तक आलं. गाणारी एक आणि टिपून घेणारे दुसरे, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. मेमरीतलं जपायला मेमरीबाहेरचा हात लागतो, हे केडंपच्या रचनेतही आहे.

दुरुस्ती सहसा थोड्याच ओळींची असते. मुदत संपली की उत्तर आलं, यात आधी कोण याचा निवाडा एकाच अविभाज्य पावलात करायचा आणि इंटरप्टचं काम थांबल्याशिवाय मेमरी परत द्यायची नाही.

जळगाव-धुळ्याकडची पुष्कळ मुलं आज या कामात आहेत. त्यांना एक विनंती. काही ऊप्सच्या माथ्यावर तुटक रेघ असते आणि तिच्यात ‘इथे कापा’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द. कापू नका. मुदत संपल्याच्या, हुकूम रद्द केल्याच्या, डिस्क रीसेट केल्याच्या ओळी त्या रेघेच्या वर असतात. मदत मागताना त्यांच्यासकट पूर्ण मजकूर पाठवा.