शिधापत्रिका आणि घरपोच धान्य

१८९६–९७ च्या दुष्काळात शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडली, ती धान्य माणसाच्या जवळ नेण्यासाठी. आजच्या ‘ऑनलाइन’ रेशनच्या चर्चेत हा हेतूच निसटतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याचा हक्क दिला. पुढे नोंदी संगणकावर आल्या, दुकानात अंगठ्याचे यंत्र आले. उचलीची नोंद राहते, हा लाभ खराच. परंतु ऑनलाइन झाली ती पावती, धान्य नव्हे. गगनबावड्याच्या वाडीवरील वृद्धेस ओझे स्वतःच आणावे लागते. राबून रेषा झिजलेला अंगठा यंत्राने नाकारला, तर हेलपाटा निराळाच.

अमेरिकेत अन्नसाहाय्याच्या कार्डावर घरबसल्या किराणा मागविण्याचा प्रयोग २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सुरू झाला. तेथे लाभार्थी वस्तू निवडतो. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेने आपल्याकडे दुकान निवडण्याची मुभा दिली, वस्तू निवडण्याची नाही. मात्र घरपोच सेवेचा आकार अमेरिकन कार्डातूनही देता येत नाही; तो रोखीने वा अन्य मार्गाने भरावा लागतो. कोल्हापुरात हा प्रयोग आणू पाहणाऱ्याने म्हणूनच प्रथम सांगितले पाहिजे, की दुकानापासून वाडीपर्यंतची हमाली कोणाच्या खात्यावर पडावयाची.