'बरं हाय' म्हणजे किती अंश?

डिसेंबरची पहाट, मिरजेतलं आमचं पत्र्याचं घर. आजीला विचारलं, "थंडी वाजतीय का?" उत्तर आलं, "काय न्हाई, बरं हाय." अंगावर दोन गोधड्या, कान बांधलेले, खिडकीच्या फटीत कागद कोंबलेला. खोलीत १७ अंश. माझ्या तक्त्यात हे उत्तर 'शून्य' म्हणून जातं, म्हणजे ना गार ना गरम.

या शून्यावरच सगळं उभं आहे. १९७० च्या आसपास फँगर यांनी बंद खोलीत विद्यार्थ्यांना बसवून सूत्र काढलं, ते सगळ्या जगाला लावलं गेलं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या 'इमॅक' या अभ्यासानं ते आपल्यापुरतं मोडलं, आणि छान मोडलं. अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, शिमला इथल्या कार्यालयांत जाऊन माणसांनाच विचारलं. निघालं असं, की बाहेरचं हवामान बदलतं तशी माणसाची 'बरं' ची व्याख्याही सरकते. उघड्या खिडक्यांच्या इमारतीसाठी बाहेरची सरासरी गुणिले ०.५४, अधिक १२.८३. सरासरी २१ धरली तर येतात साधारण २४ अंश.

आजी २४ च्या सात अंश खाली आणि तरी 'बरं'. मग चूक कोणाची? सूत्र कार्यालयाचं, दिवसा खुर्चीत बसणाऱ्यांचं, हे खरंच. पण माझी मुख्य तक्रार प्रश्नाबद्दल आहे. उणे तीन ते अधिक तीन ही पट्टी मराठीत आणायची कशी? मे महिन्यात 'गार वाटतंय' ही दाद असते, डिसेंबरात तक्रार. शब्द एकच. आणि 'बरं हाय' हे तर पुष्कळदा तापमानाबद्दल नसतंच, नातवाला काळजी नको म्हणून असतं.

शिवाय गोधडी. साडी नेसायच्या पद्धतीप्रमाणे तिची ऊब बदलते, हे माधवी इंद्रगंटी आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलंय. आम्ही मात्र कपड्यांच्या रकान्यात एक आकडा टाकून मोकळे होतो. त्यामुळे आजीनं केलेली सगळी खटपट 'जुळवून घेणं' या नावाखाली फुकटात जमा होते, पत्र्याखाली काही घालायला हवं होतं हे कुठंच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांसाठी घरात किमान १८ अंश सुचवले. मिरज त्यात बसत नाही म्हणा, पण आजीचे गुडघे नकाशा बघून दुखत नाहीत.

पुढच्या फेरीत मी आधी गोधड्या मोजणार आहे. 'कसं वाटतंय' नंतर.