भाता, बटणं आणि गप्प झालेला डावा हात

१९८७ साली कोलंबियातल्या वायेदुपार शहरात 'राजांचा राजा' निवडायची स्पर्धा होती. तिथल्या वायेनातो महोत्सवात दरवर्षी अकॉर्डियनचा एक राजा ठरतो. त्या वर्षी आधीचे राजे एकमेकांसमोर उभे ठाकले होते. १९६८ च्या पहिल्या महोत्सवाचा विजेता आलेहो दुरान हाही त्यांत होता. वय अडुसष्ट, आणि गर्दीचा कौल उघड त्याच्याच बाजूनं. वाजवता वाजवता त्याच्या हातून चूक झाली. परीक्षकांनी ती धरली असती की सोडून दिली असती, सांगता येत नाही. पण दुरान थांबला आणि आपण स्वतःला बाद करत आहोत असं त्यानं लोकांना सांगून टाकलं. किताब कोलाचो मेंदोसाला मिळाला.

हा प्रसंग तिकडे सचोटीचा दाखला म्हणून सांगतात. मला त्यातली कसोटी जास्त मोलाची वाटते. या वाद्यात काय चुकलं आणि काय साधलं, हे त्या गुरं राखलेल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. आज जगभर बटणांचं अकॉर्डियन वाजवणारे भरपूर आहेत, त्यांची बोटं दुरानच्या पिढीपेक्षा कितीतरी तयार आहेत. कसोटी मात्र बदलत चालली आहे. वेग आणि सफाई यांना गुण मिळतात. वाद्य श्वास कसा घेतं, याकडे फारसं कुणी पाहत नाही.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. आपल्याकडे अकॉर्डियन म्हटलं की पियानोसारख्या पट्ट्यांचं, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातलं, पुण्याच्या एनॉक डॅनियल्सनी घराघरांत पोचवलेलं वाद्य आठवतं. त्यात भाता दाबा की ओढा, एका पट्टीतून एकच सूर निघतो. डायटॉनिक, म्हणजे इथल्या बटणांच्या अकॉर्डियनची गोष्ट वेगळी. तिथे एकाच बटणातून भाता दाबताना एक सूर येतो आणि ओढताना दुसरा. पांढरी एकमध्ये बांधलेली, दहा बटणांची एक ओळ घ्या. दाबलं की सा, ग, प. ओढलं की रे, म, ध, नी. सरळ सप्तक वाजवायचं तर दाब, ओढ, दाब, ओढ असं करत जायचं, आणि धैवत-निषादाला लागोपाठ दोनदा ओढायचं. डाव्या हाताला या लहान पेटीत दोनच चाव्या: एक खर्जाची, एक मेळाची. त्याही दिशेनुसार बदलतात. दाबताना षड्जाचा मेळ, ओढताना पंचमाचा. कोमल स्वर हवे असतील तर ते या ओळीत नाहीतच.

एवढी अडचण असलेलं वाद्य टिकलं कसं? अडचणीमुळेच, असं माझं मत आहे. लांब सुरावर रेलून बसायची सोय नाही, भाता संपतो. दर दोन-तीन सुरांनी दिशा बदलते आणि प्रत्येक बदलाला सुराला एक हिसका बसतो. नाचणाऱ्याच्या पायाला नेमका तोच हवा असतो. ठेका बाहेरून आणून बसवावा लागत नाही, तो यंत्रातच आहे.

व्हिएन्नात सिरिल डेमियननं १८२९ मध्ये 'अकॉर्डियन' या नावानं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्या पेटीत प्रत्येक पट्टीतून अख्खा मेळ वाजे, दाबताना एक आणि ओढताना दुसरा. आपली पेटी याच कुळातली. तिचा मूळपुरुष, दबेंचं हार्मोनियम, १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये झाला. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हातपेटी करून जमिनीवर बसवली. मराठी रंगभूमीवर पायपेटीनं काय केलं ते वाचकांना सांगायला नको. तिच्यावर आपण घेतलेले आक्षेप मींडेचे आणि श्रुतींचे होते. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ तिला दाराबाहेर ठेवलं तेही त्यापायीच. बटणांच्या पेटीत तर बारा स्वरही धड नाहीत. पण ती दरबारात गेलीच नाही, त्यामुळे तिच्यावर खटला भरायला कुणी शास्त्री आला नाही. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावच्या होनर कंपनीनं १८५७ पासून माउथ ऑर्गन आणि १९०३ पासून अकॉर्डियन बनवले. पेट्या स्वस्त आणि दणकट होत्या, व्यापाऱ्यांबरोबर आणि स्थलांतरितांच्या ट्रंकांतून बंदराबंदरांत उतरल्या. कारखान्याचा माल होता, म्हणून तो 'अस्सल लोकवाद्य' नाही असं म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांनी वायेदुपारच्या कारागिरांकडे पाहावं. तिथे होनरची तीन ओळींची नवी पेटी आली की आधी उघडली जाते. आतले सूर, म्हणजे धातूच्या जिभा, खरवडून पट्टी बदलतात, मांडणी बदलतात, आवाज तिखट करतात. कारखान्यातून आलेली पेटी तशीच वाजवणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

वायेनातोत या पेटीला दोनच जुने साथीदार: काहा नावाचा लहान ढोल आणि ग्वाचाराका ही खाचांची घासायची काठी. पासेओ, मेरेंगे, सोन आणि पुया हे त्याचे चार प्रकार, आणि स्पर्धेत चारही वाजवून दाखवावे लागतात. फ्रान्सिस्को एल ओम्ब्रे या गायकानं सैतानाला अकॉर्डियनच्या जुगलबंदीत हरवल्याची दंतकथा तिथे घरोघरी आहे. गार्सिया मार्केसनं त्याला आपल्या कादंबरीत आणून बसवलं. जुन्या 'पारांदा'त, म्हणजे अंगणातल्या रात्रभराच्या बैठकीत, लोक नाचत नसत. गाणं ऐकत आणि गाण्यामागची गोष्टही ऐकत, कारण वायेनातो म्हणजे मुळात गावच्या बातम्या. युनेस्कोनं २०१५ मध्ये ही परंपरा तातडीनं जपण्याच्या यादीत घातली. सशस्त्र संघर्ष, नव्या धाटणीच्या गाण्यांचा रेटा आणि पारांदाच्या जागा कमी होणं ही कारणं तेव्हा पुढे आली. संघर्षाची झळ महोत्सवाला थेट बसली होती: त्याच्या संस्थापकांपैकी एक, कोन्सुएलो आराउहो नोगेरा, हिचं २००१ मध्ये गनिमांनी अपहरण करून तिला ठार केलं.

नव्या धाटणीबद्दल सगळा दोष कार्लोस विवेसवर टाकायची रीत आहे. १९९३ मध्ये त्यानं जुनी गाणी इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम घेऊन पुन्हा गायली, ती लॅटिन अमेरिकाभर गाजली. मला हा आरोप पटत नाही. त्या ध्वनिमुद्रणांत अकॉर्डियन एहिदिओ क्वाद्रादोचं आहे, आणि १९८५ चा हा राजा तिथे जुन्याच वळणानं, डाव्या हाताला जागं ठेवून वाजवतो. आजूबाजूला कितीही गोंगाट असो, भात्याचा हिसका कानाला लागतो. खरं नुकसान केलं ते गुळगुळीत प्रेमगीतांनी, जिथे अकॉर्डियन दोन ओळींमधली फट बुजवायला येतं आणि बेस गिटार खालची सगळी जागा खाऊन टाकतं. स्पर्धेनं एका बाजूनं हे रोखलं आहे, हे मान्य. पण स्पर्धेचाच दुसरा परिणाम असा, की पुया आता इतक्या वेगानं वाजते की तिच्यातले बोल उरत नाहीत. आणि १९६८ च्या पहिल्याच महोत्सवात रीता फेर्नांदेस पादियानं मुलींचा संच घेऊन अकॉर्डियन वाजवलं असताना, बायकांसाठी गट निघायला पुढे अर्धशतक लागावं, तोही वेगळा असावा, याचा बचाव कसा करायचा?

डावा हात गप्प करण्याचा मान टेक्सासकडे जातो. जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांच्या पोल्का तिथल्या मेक्सिकन मजुरांनी उचलल्या. १९३६ मध्ये नार्सिसो मार्तिनेसनं सान्तियागो आल्मेइदाबरोबर ध्वनिमुद्रण केलं तेव्हा त्यानं एक निर्णय घेतला: खर्ज आणि मेळ आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोवर, म्हणजे बारा तारांच्या भारदस्त गिटारवर सोपवायचे, आणि आपण फक्त उजव्या हातानं धावायचं. तो निर्णय प्रतिभेचा होता. उजवा हात मोकळा झाला, सूर तुटक आणि लखलखीत झाले, कोंहुंतो शैली जन्माला आली. फ्लाको हिमेनेसनं ती राय कूडरपासून रोलिंग स्टोन्सपर्यंत नेली. २०२५ मध्ये तो गेला तेव्हा या शैलीचा जगाला माहीत असलेला चेहराच गेला. पण मार्तिनेसचा निर्णय त्याच्या नातवंडांच्या वयाच्या वादकांकडे नुसती सवय म्हणून आला आहे. पेटी हलकी व्हावी म्हणून डावीकडचे सूर काढूनच टाकणारे पुष्कळ आहेत. बेस गिटार आहे, ड्रम आहेत, मग डावीकडे काय करायचं? प्रश्न व्यवहारी आहे. माझी तक्रार एवढीच, की मार्तिनेसनं डावा हात सोडला तेव्हा बदल्यात काहीतरी मिळवलं होतं. पुढच्यांनी फक्त वजन कमी केलं. सान अंतोनिओची एवा इबारा याला अपवाद. तिच्या मेळांत असे सूर येतात की पोल्का मध्येच कुठल्या गल्लीत शिरली असं वाटावं, आणि पुन्हा ती ठेक्यावर उतरते.

लुइझियानात उलट झालं. तिथे ती दहा बटणांची एक ओळच टिकली, पांढरी एकमध्ये, एकेका बटणामागे सुरांचे चार संच. आपल्या खर्ज-नर-मादीत आणखी एक भर घाला, म्हणजे त्या पेटीच्या भरदार आवाजाचा अंदाज येईल. या वाद्याचा तिथला सगळ्यात मोठा वादक, अमेदे आर्दुआँ, कृष्णवर्णीय होता. १९२९ ते १९३४ या वर्षांत त्यानं चौतीस गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांतली बरीच डेनिस मॅगी या गोऱ्या व्हायोलिनवाल्याबरोबर. एका नाचाच्या रात्री एका गोऱ्या बाईच्या रुमालानं त्यानं घाम पुसला, म्हणून गोऱ्यांनी त्याला इतकं मारलं की तो पुन्हा माणसांत आला नाही, असं सांगतात. १९४२ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. त्याची मुद्रणं ऐकताना कळतं, की एका ओळीत काय काय मावतं. दिशाबदल तो लपवत नाही. हिसक्यावर आणखी जोर देतो, आणि गळा त्या हिसक्याच्या थोडा मागे रेंगाळतो. त्याच सुमारास तिथे अकॉर्डियन मागे पडून व्हायोलिन-गिटारचे ताफे पुढे आले. महायुद्धात जर्मन पेट्याही बंद झाल्या. १९४८ मध्ये आयरी लेज्यूननं ते परत आणलं, आणि पुढे युनिस गावच्या मार्क सवॉयसारख्यांनी पेट्या स्वतः बनवायला घेतल्या. आज लुइझियानात घरच्या घरी अकॉर्डियन बनवणाऱ्यांची मोठी बिरादरी आहे. वाद्य सुखरूप आहे. धोक्यात आहे ती भाषा: केजन, म्हणजे तिथली फ्रेंच, बोलणारे कमी होत चालले, आणि तरुण गायक अर्थ न कळता उच्चार पाठ करून गातात. मग गळ्याचं ते रेंगाळणं कुठून येणार?

आयर्लंडनं अडचणीला बगल दिली. दोन ओळी अर्ध्या स्वराच्या अंतरानं, पांढरी सात आणि पांढरी एक अशा, शेजारी ठेवल्या की बारा स्वर हाताशी येतात. १९५० च्या सुमारास टिपररीच्या पॅडी ओब्रायननं या मांडणीवर गुळगुळीत, नक्षीदार वादन उभं केलं आणि देशभर त्याचीच नक्कल सुरू झाली. दाब-ओढीचं जुनं वळण जो कूलीकडे उरलं. १९७२ मध्ये गॉलवे परगण्यातल्या एका पबमध्ये, मरणाच्या जेमतेम वर्षभर आधी, त्याचं वादन मुद्रित केलं गेलं. ओब्रायन मोठा होता यात शंका नाही. पण ती मुद्रणं लावली की पबमधली माणसं ओरडताना ऐकू येतात, आणि ती का ओरडतात हेही कळतं.

रशियानं तर 'ख्रोम्का' काढून दोन्ही दिशांना एकच सूर ठेवला. सोय झाली, पण मग ते आपल्या विषयाबाहेरचं वाद्य झालं. ब्राझीलमध्ये लुइज गोन्झागा १२० बेसचं अकॉर्डियन गळ्यात घालून देशाचा लाडका झाला, आणि आठ बेसची जुनी पेटी वाजवणाऱ्या बापाचा मान राखायला सांगणारं गाणं १९५० मध्ये त्यानंच केलं. बास्क मुलखात पाद्र्यांनी या पेटीला नरकाचा भाता म्हटलं. त्याच भात्यातून केपा हुंकेरानं १९९० च्या दशकात जगभरच्या वादकांशी संवाद केला. त्याचं काम कधीकधी पाहुण्यांच्या गर्दीनं जड होतं, पण साथीला नुसती खंजिरी असली की तो अजोड. केप व्हर्देच्या सान्तियागो बेटावर पेटीबरोबर लोखंडाची पट्टी सुरीनं घासतात, तेच फुनाना. पोर्तुगीज अमलात ते गावंढळ आणि आगाऊ ठरवलं गेलं. १९७५ च्या स्वातंत्र्यानंतर बुलिमुंदो या संचानं ते विजेच्या वाद्यांवर घेतलं, आणि पेटीच गाळून टाकली. कोदे दि दोना मात्र शेवटपर्यंत पेटीच वाजवत राहिला, आणि पुढच्या पिढीनं पेटी परत आणली ती त्याच्यासारख्यांचं ऐकून.

डाव्या हाताचा नव्यानं विचार आज जिथे चालला आहे, ते ठिकाण अनपेक्षित आहे: फ्रान्स, इटली, इंग्लंड, जिथे ही परंपरा १९७० च्या दशकात जवळजवळ शून्यातून पुन्हा उभी केली गेली. मार्क पेरोन, रिकार्डो तेसी, अँडी कटिंग. इंग्लिश वादक मेळातला गंधार बंद करायची कळ वापरतात; उरतात षड्ज आणि पंचम, मग वरची चाल शुद्ध गंधाराची की कोमलाची, याचं बंधन राहत नाही. कटिंग डाव्या हातानं चालीला उत्तर देतो, मध्येच गप्प बसतो, आणि ते गप्प बसणं टेक्साससारखं सोयीपोटी आलेलं नसतं. या मंडळींचे ऐकणारे खुर्च्यांवर बसलेले असतात, त्यांच्या पेट्या इटलीतल्या नामांकित कारागिरांच्या, महागड्या, आणि त्यांचे विद्यार्थी कार्यशाळेत आकड्यांची लिपी वाचून शिकतात. त्या लिपीत बटणाचा क्रमांक असतो, भात्याची दिशा असते. किती जोरानं दाबायचं, हे त्यात लिहिलेलं नसतं, आणि बहुतेक विद्यार्थ्यांचं वादन ऐकलं की ते कुणी त्यांना विचारलंही नसावं असं वाटतं.