गावाची सिंधू : झाडीपट्टीतील संगीत नाटक आणि प्रेक्षकांची आठवण

१

मराठी संगीत रंगभूमीविषयी जे लेखन झाले आहे त्याचा फार मोठा भाग आठवणींच्या स्वरूपाचा आहे. गणपतराव बोडस यांचे 'माझी भूमिका', चिंतामणराव कोल्हटकर यांचे 'बहुरूपी' ही नटांची आत्मचरित्रे आणि त्यांच्या जोडीला रसिकांनी वेळोवेळी सांगितलेल्या असंख्य आठवणी हे या लेखनाचे दोन प्रवाह होत. समीक्षेने या सामग्रीकडे दोन परस्परविरोधी दृष्टींनी पाहिले आहे. इतिहास लिहिताना ती पुरावा म्हणून मुक्तपणे वापरली जाते. मूल्यमापनाचा प्रश्न आला की तीच सामग्री 'स्मरणरंजन' ठरवून बाजूला सारली जाते. या दोहोंपेक्षा वेगळी अशी एक तिसरी शक्यता मात्र फारशी तपासली गेलेली नाही. प्रेक्षकाची आठवण हे त्या नाट्यकृतीचे एक वाचन असते. त्यात काय राखले गेले, काय गळले आणि श्रेय कोणाकडे गेले यांवरून त्या प्रेक्षकसमूहाचा नाट्यविचार वाचता येतो, ही ती शक्यता होय.

पुण्यामुंबईच्या रंगभूमीच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येतो, कारण तेथे आठवणींखेरीज जाहिराती, परीक्षणे, छायाचित्रे व ध्वनिमुद्रिका असा इतर आधारही उपलब्ध असतो. भंडारा जिल्ह्यातील खेड्यांत ज्या रात्री संगीत नाटके झाली त्यांच्याबाबत ही सोय नाही. तेथे प्रयोग संपला की जे उरले ते बहुतांशी पाहणाऱ्यांच्या बोलण्यातच उरले. म्हणून या आठवणींचे काय करावयाचे, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

२

भंडारा, १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झालेला गोंदिया, तसेच गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून जो प्रदेश होतो त्यास झाडीपट्टी म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. धानाची कापणी होऊन दिवाळी पार पडली की येथे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, भेटीगाठी, कोठे शंकरपट, आणि रात्री नाटक असा तिचा क्रम. मंडईला लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, दूरचे सोयरे बंड्या जुंपून येतात. नाटक पाहणे हा या पाहुणचाराचाच एक भाग असतो. तिकीट काढून अपरिचितांच्या शेजारी बसणारा शहरी प्रेक्षक आणि आपल्या सोयऱ्यांसह थंडीत गोधड्या पांघरून पहाटेपर्यंत बसणारा हा प्रेक्षक यांतील अंतर केवळ राहणीचे नाही. नाटक हा अनुभव कोणाच्या सोबतीने घ्यावयाचा याविषयीच्या धारणेचे ते अंतर आहे.

संगीत नाटक या प्रदेशात आले तेव्हा त्याला कोरी भूमी मिळाली नाही. दंडार आणि खडी गंमत हे येथील प्रयोगप्रकार आधीपासून रुजलेले होते. गण, गवळण, सोंगे, नकला, ढोलकीच्या साथीचे गाणे आणि स्त्रीवेषातील पुरुष नाच्या यांनी येथील प्रेक्षकाची दृष्टी घडलेली होती. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा जो अभ्यास केला, त्यामुळे या परंपरेचे स्वरूप अभ्यासकांसमोर आले. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाने १९६७ मध्ये 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. कोणतीही कृती वाचकाच्या पूर्वानुभवाने आखलेल्या क्षितिजावरच उगवते, असा तिचा आशय. या दृष्टीने पाहता गाण्याने कथा पुढे सरकणे, गंभीर प्रसंगाला लागूनच विनोदाचा धुमाकूळ येणे, पुरुषाने स्त्री होणे आणि रात्र सरेपर्यंत प्रयोग चालणे या चारही गोष्टी झाडीच्या प्रेक्षकाच्या क्षितिजात अगोदरच होत्या. किर्लोस्करी परंपरेतील नाटक त्याला परके वाटले नाही, याचे कारण येथे शोधावे लागते.

परके होते ते भाषेचे वळण. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' यांच्या जागी सामान्यतः 'न' आणि 'र' उच्चारले जातात. तिची शब्दसंपत्तीही वेगळी आहे. कोट्यांनी आणि अलंकारांनी लगडलेली गडकऱ्यांची मराठी अशा तोंडांतून वदवून घेणे हे तालमीचे मोठे काम असे. आपला शेजारी एरवी बोलतो त्याहून वेगळी, पुस्तकातली भाषा रंगमंचावर अस्खलित बोलतो आहे, हा या प्रेक्षकाच्या आनंदाचा एक स्वतंत्र घटक होता. शहरी प्रेक्षकाला हा घटक अनुभवता येणे शक्यच नव्हते.

३

'एकच प्याला' या नाटकाच्या उदाहरणाने हा विचार अधिक स्पष्ट होईल. राम गणेश गडकरी यांचा मृत्यू २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे झाला आणि त्यानंतर महिनाभराच्या आत, २० फेब्रुवारी रोजी, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्यास रंगभूमीवर आणले. पदे वि. सी. गुर्जर यांची, सुधाकर बोडसांचा आणि सिंधू बालगंधर्वांची. भरजरी शालूंसाठी ख्यात असलेल्या नटाने फाटके, ठिगळ लावलेले लुगडे नेसून जात्यावर बसावे, याचे त्या काळच्या प्रेक्षकाला जे अप्रूप वाटले ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. त्या सिंधूचा आवाज तबकड्यांवर उतरला. त्यामुळे ज्यांनी प्रयोग पाहिला नव्हता त्यांनाही त्या आठवणीत सहभागी होता आले. शहरी रसिकतेत 'एकच प्याला' म्हणजे प्राधान्याने बालगंधर्वांची सिंधू, असे समीकरण झाले. नाटक आठवणे म्हणजे गायक आठवणे, हा तिचा पिंड ठरला.

झाडीपट्टीतील गावोगावच्या हौशी मंडळांनी जी नाटके उचलली त्यांत 'एकच प्याला'ही होते. येथील बहुतेक गावांत ते नामांकित मंडळीसह आले नाही. छापील पुस्तक आणि कानावर पडलेल्या चाली यांच्या वाटेने आले. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या, ही घटना मराठी रंगभूमीच्या इतिहासात पर्वारंभ म्हणून नोंदली जाते. झाडीतल्या हौशी रंगमंचावर मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे सिंधू ही गावातल्याच एखाद्या गळ्याच्या पोराने उभी केली. तो दिवसा नांगर धरी आणि रात्री सिंधू होई. त्याच्या आवाजाची तबकडी निघाली नाही, नाव छापले गेले नाही. मात्र गावात तो त्या भूमिकेच्या नावाने ओळखला जाऊ लागे, आणि म्हातारपणीही त्याला कोणी सहज 'सिंधू' म्हणून हाक मारी.

दोन्ही आठवणी प्रेमाच्याच आहेत. पण त्यांची रचना निराळी आहे. शहरी आठवणीत नट भूमिकेला गिळून टाकतो. गावच्या आठवणीत भूमिका नटाच्या आयुष्यात कायमची मुक्कामाला येते. पहिलीत असामान्यत्वाचा विस्मय आहे, दुसरीत ओळखीच्या माणसात अनोळखी काही प्रकटल्याचा. दुसरा विस्मय कमी प्रतीचा मानण्यास कोणतेही सौंदर्यशास्त्रीय कारण दिसत नाही.

४

येथे रससिद्धान्ताची एक अडचण समोर येते. साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार नाट्यानुभवात देश, काल आणि व्यक्ती यांची विशिष्टता गळून पडते. सिंधू ही अमक्याची पत्नी न राहता तिचा शोक सर्वांचा होतो. परंतु ज्या प्रेक्षकाला सिंधूच्या वेषातला माणूस जन्मापासून ठाऊक आहे त्याच्या बाबतीत ही विशिष्टता गळते कशी? ती गळत नाही, असे उत्तर घाईने देणे चुकीचे ठरेल. जात्यावरच्या पदाला बायका पदराने डोळे पुसत, ते शेजारच्या पोरासाठी नव्हे. तेव्हा असे म्हणावे लागते की, प्रयोगाच्या क्षणी साधारणीकरण होते आणि आठवणीत विशिष्टता परत येते. सहृदयाचा अनुभव आणि सहृदयाची आठवण या दोन वेगळ्या अवस्था आहेत. रसचर्चेने पहिलीचा सूक्ष्म विचार केला, दुसरीचा तितका केला नाही.

आठवणीत विशिष्टता परतते ती निवड करून. 'एकच प्याला' हे पाच अंकी, वैचारिक संवादांनी भरलेले नाटक आहे. लोकांच्या बोलण्यात ते टिकले ते मुख्यतः दोन टोकांनी : सिंधूचे दुःख आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. रामलालची दीर्घ भाषणे बहुधा कोणी आठवून सांगत नाही. तळीरामाचा विनोद नाटकाच्या शोकात्म परिणामाला बाधक ठरतो की पोषक, हा गडकरी-समीक्षेतील जुना वाद आहे. दंडारीत मुरलेल्या प्रेक्षकाला मात्र हा वाद मुळात उद्भवतच नाही, कारण रडणे आणि हसणे एकाच रात्री, एकाच मांडवात घडावे हीच त्याची अपेक्षा असते. त्याच्या आठवणीने नाटकाचे जे संपादन केले त्यात तळीराम राहिला आणि रामलाल गेला. याला अडाणीपणा म्हणता येईल. परंतु नाटकातला बोध आणि नाटकातले नाट्य यांत प्रेक्षकाने केलेला तो निवाडाही आहे, आणि समीक्षेतील अनेक निवाड्यांशी तो जुळतो. झाडीपट्टी रंगभूमीवरील कामगिरीसाठी २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली; ते प्रामुख्याने विनोदी भूमिकांसाठी ओळखले जातात, हेही या संदर्भात लक्षणीय आहे.

५

असे असले तरी या आठवणी निर्दोष साक्षी आहेत असे मानता येत नाही. मॉरिस आल्ब्वाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने सामूहिक स्मृतीविषयी १९२५ मध्ये दाखवून दिले की, माणूस आठवतो तो आपल्या समूहाने पुरवलेल्या चौकटीत. ज्या गोष्टींना त्या चौकटीत जागा नसते त्या विसरल्या जातात. 'सारा गाव नाटकाला बसे' हे वाक्य अशा आठवणींत हमखास येते. सारा गाव म्हणजे कोण, पुढे कोण बसे आणि कडेला कोण उभे राही, हा प्रश्न त्या वाक्यात बुजून जातो. स्त्रियांच्या वाट्याला पाहणे आले, करणे आले नाही. नवऱ्याचा अपराध झाकण्यासाठी अखेरच्या क्षणीही खोटे बोलणारी सिंधू पुरुषाने रंगवली आणि तिच्या पातिव्रत्याचे कौतुक पुरुषांनीच अधिक केले. मोहफुलांच्या या मुलखात दारू ही केवळ नाटकातली गोष्ट नव्हती. जात्यावरचे पद ऐकून रडणाऱ्या एखादीला ते पद आपल्याच घरचे वाटले असेल, तर तिची आठवण कोणत्या शब्दांत सांगितली गेली? बहुधा 'गळा फार गोड होता' एवढ्याच शब्दांत. गोडव्याखाली जे दडले ते ऐकू येण्यासाठी आठवणीला प्रश्न विचारावा लागतो.

दुसरी शंका तक्रारीच्या सुराविषयीची आहे. झाडीपट्टीची रंगभूमी लोपलेली नाही. उलट वडसा, म्हणजे देसाईगंज, हे केंद्र धरून तिचा मोठा व्यवसाय झाला. व्यावसायिक मंडळ्या आल्या, बाहेरून अभिनेत्री येऊ लागल्या, ध्वनिवर्धक आणि रोषणाई आली, स्थानिक लेखकांची नवी नाटके आली. मंडईला आजही नाटक होते आणि त्याला गर्दीही होते. तरीही जुनी माणसे 'आता पहिल्यासारखे राहिले नाही' असे म्हणतात. याचा अर्थ दर्जा घसरला असा घेतला, तर तो सहज खोडून काढता येईल. आजचा नट अधिक सराईत आहे, आजची गायिका अधिक सुरेल आहे. पण ही तक्रार दर्जाविषयी नसावी. रंगमंचावरची सिंधू आता दुसऱ्या दिवशी पाणंदीवर भेटत नाही, हे ते दुःख आहे. नाटक गावात होते. पण ते गावाचे नसते. नाट्यकलेचा व्यवसाय झाल्याने अनेकांच्या चुली पेटल्या, स्त्रियांना रंगमंचावर जागा मिळाली. हा लाभ नाकारता येणार नाही. या लाभाची किंमत काय पडली, याची नोंद मात्र त्या तक्रारीखेरीज अन्यत्र कोठेही नाही.

६

स्मरणरंजन हा शब्द समीक्षेत प्रायः निर्णय म्हणून वापरला जातो. तो उच्चारला की चर्चा थांबते. भंडारा जिल्ह्यातील संगीत नाटकाच्या आठवणी पाहता त्या शब्दापासून चर्चेस प्रारंभ व्हावा, असे वाटते. ज्या रंगभूमीने आपली संहिता उसनी घेतली आणि आपला प्रयोग मागे ठेवला नाही, तिची खरी निर्मिती प्रेक्षकाच्या मनातच झाली. गडकऱ्यांची सिंधू पुस्तकात आहे, बालगंधर्वांची तबकडीत आहे. गावाची सिंधू केवळ सांगण्यात आहे, आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. ग्रामीण रंगभूमीचा अभ्यास प्रयोगांच्या व मंडळ्यांच्या याद्यांवर थांबला, तर ही तिसरी सिंधू त्यात कोठेही सापडणार नाही. तिच्यासाठी अभ्यासकाला मंडईच्या दिवसांत गावात जाऊन बसावे लागेल. 'गळा फार गोड होता' हे वाक्य आदराने ऐकून घ्यावे लागेल आणि ते ऐकताना कोणाला काय आठवले, हे बायकांनाही विचारावे लागेल.