श्वसनाच्या धड्यातला श्वास

वर्गाच्या भिंतीवरचा तो तक्ता सर्वांच्या ओळखीचा आहे. एका बाजूला सूर्य व झाड, दुसऱ्या बाजूला गाय. झाड कार्बन डायऑक्साइड घेते, ऑक्सिजन सोडते. गाय नेमके उलटे करते. यात खोटे काही नाही. पण झाडाच्या श्वसनाचा बाणच त्यात नसतो, आणि मुले ती जागा स्वतःच भरतात : ‘झाड दिवसा अन्न तयार करते व रात्री श्वसन करते.’

यान इंगेनहाउस यांनी १७७९ साली दाखवले, की वनस्पतींचे हिरवे भाग उजेडातच ऑक्सिजन सोडतात, अंधारात मात्र हवा दूषित करतात. त्यातले ‘अंधारात’ तेवढे लोकांच्या लक्षात राहिले. श्वसन भर दुपारीही चालू असते. उजेडात प्रकाशसंश्लेषणाचा वेग कितीतरी अधिक असल्याने ते बाहेरून दिसत नाही, इतकेच. आणि मुळांना तर रात्र काय, दिवस काय!

आमची दुसरी तक्रार शब्दाबद्दल आहे. ‘श्वसन’ म्हटले की मुलांना नाक व छाती आठवते. मंडणगडच्या शिक्षकाला यावर उतारा तालुक्यातच सापडेल. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तेथे संरक्षणाचे काम उभे केले. दीड-दोन महिने अंड्यातला जीव छाती न हलवता श्वसन करतो. ऑक्सिजन वाळूच्या कणांमधून, कवचाच्या छिद्रांतून आत झिरपतो. भरतीचे पाणी घरट्यात साचून राहिले तर ही वाट बुजते व पिल्लू आतच गुदमरते. अंडी उंचावर हलवण्यामागे कुत्र्या-कोल्ह्यांइतकेच हेही कारण आहे. येथे इंधनही मुख्यतः साखर नसून बलकातील स्निग्ध पदार्थ असतात, हे सांगायला विसरू नये.

वनस्पतीचे उदाहरण भाताचे घ्यावे. कोकणात रहू पेरण्यासाठी भात भिजवून, निथळून, गोणपाटाखाली दडपतात. एक-दोन दिवसांनी आत हात घातला तर ऊब लागते. पान नाही, हिरवेपणा नाही, मग ही ऊब कशाची? मागल्या पावसाळ्यात पानांनी केलेली साखर दाण्यात पिष्ट होऊन बसली होती. तिची पुन्हा साखर होऊन ती पेशींत मोडली जात आहे.

म्हणूनच ‘श्वसनात ऊर्जा तयार होते’ हे वाक्य आम्हांला खटकते. ऊर्जा सूर्याची; साखरेत साठलेली ती येथे मोकळी होते. निम्म्याहून कमी भाग एटीपीत अडकतो, उरलेला उष्णता होऊन जातो. (एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी हा पाठ केलेला आकडाही आता जुना झाला; ३० ते ३२ अधिक योग्य धरतात.)

दोन थर्मासांत मोड आलेले व उकळून गार केलेले भात ठेवून तापमापी लावावी. तोंडाला कापसाचा बोळा द्यावा, घट्ट बूच नको. उकळलेले भात जंतुनाशकात बुडवून घ्यावे. नाहीतर तिसऱ्या दिवशी तेही तापू लागते : त्यावर बुरशी आलेली असते, आणि तीही श्वसन करते.