अरस्तूचा प्रश्न, आपले उत्तर

एखादी गोष्ट मनापासून आवडली की आपण 'अफलातून!' म्हणतो. हा अफलातून म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. अरबी-फारसीच्या वाटेने ते नाव मराठीत आले आणि विशेषण होऊन बसले. मोहल्ल्यातल्या युनानी दवाखान्यातले 'युनान' म्हणजेही ग्रीसच. ग्रीकांशी आपले नाते असे घरगुती आहे. त्यांना वाचणारे मात्र आपल्यात थोडेच.

सभा-संमेलनांत एक वाक्य हमखास टाळ्या घेते: 'युरोपला ग्रीकांची ओळख आम्ही करून दिली.' यात तथ्य आहे, पण अभिमानाच्या भरात त्यामागचे कष्ट विसरले जातात. बगदादचे थोर अनुवादक हुनैन इब्न इसहाक (८०९-८७३) धर्माने ख्रिस्ती होते. जालिनूसच्या एका ग्रंथासाठी त्यांनी सीरिया, पॅलेस्टाइन, इजिप्त पालथे घातले. दमिश्कमध्ये जेमतेम निम्मा ग्रंथ हाती लागला. आपला वारसा म्हणायचा तर तो या धडपडीचा आहे.

दुसरे उदाहरण इब्न रुश्द (११२६-११९८) यांचे. सेव्हिल व कुर्तुबा येथे काझी राहिलेल्या या विद्वानाने अरस्तूच्या 'काव्यशास्त्रा'वर भाष्य लिहिले. त्यांना ग्रीक येत नव्हते आणि त्यांच्या परंपरेत ग्रीकांसारखे रंगमंचीय नाटक नव्हते. अबू बिश्र मत्ता यांनी सुरयानीवरून केलेल्या अरबी तरजुम्यात शोकांतिकेसाठी 'मदीह' म्हणजे स्तुतिकाव्य आणि सुखात्मिकेसाठी 'हिजा' म्हणजे निंदाकाव्य हे शब्द आले होते. इब्न रुश्द यांनी तेच धरून विवेचन केले. या चुकीला पुढे अनेकजण हसले. तरी १२५६ साली टोलेडोत या भाष्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि युरोपने दीर्घकाळ काव्यशास्त्र मुख्यतः त्यातूनच वाचले.

मला मात्र ही चूक मोलाची वाटते. आप्तांमध्येच घडणाऱ्या भीषण प्रसंगातून करुणा आणि भय जागे होते, असे अरस्तू म्हणतो. ग्रीक नाटक पाहिले नसताना इब्न रुश्द उदाहरण कुठून आणणार? ते हजरत इब्राहीम आणि त्यांच्या पुत्राच्या कुर्बानीचा प्रसंग सांगतात. दर बकरी ईदला आपण आठवतो तो हा प्रसंग अरस्तूच्या सूत्राची कसोटीच घेतो. अरस्तूच्या मते उत्तम शोकांतिकेचा नायक एखाद्या प्रमादामुळे कोसळतो. पूर्ण निर्दोष माणसाचा नाश दाखवला तर केवळ किळस वाटते. इब्राहीम निर्दोष आहेत, शेवटी नाशही टळतो. तरी आपला श्वास रोखला जातो. परक्याचा प्रश्न आपल्या घरात आणला की असे नवे काही दिसते.

हा प्रश्न आपल्या कथांनाही विचारायला हवा. आपल्या अनेक कथांतला नायक फक्त सोसतो. दंगल येते, पोलीस येतात, नोकरी जाते. हे दुःख खोटे नाही आणि त्याला अरस्तूच्या प्रमाणपत्राची गरजही नाही. पण नायकाला निवड करायची संधीच दिली नाही, तर वाचक हळहळतो आणि पान उलटतो. इब्राहीम निर्दोष असले तरी निष्क्रिय नाहीत. सुरी त्यांच्या हातात आहे. आपल्या कथेतल्या माणसाच्या हातात काय आहे? तलाक देणारा बाप, गप्प बसणारा भाऊ, मुलीची शाळा सोडवणारी आई यांच्या निर्णयांतली घालमेल आपण किती लिहिली?

विंदा करंदीकरांनी 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' मराठीत आणले, त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. म्हणजे इब्न रुश्द यांच्यासमोर होती ती अडचण आपल्यासमोर नाही. ११९५ साली त्यांना हद्दपारी सोसावी लागली, त्यांची तत्त्वज्ञानाची पुस्तके जाळली गेली. एवढी किंमत देऊन त्यांनी जे वाचले, ते आपण निदान कपाटातून खाली काढावे.